महागडे पेट्रोल, बाटलीतले औषध आणि आपला खिसा

जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरले की गाडी पळते, हे कितपत खरे?

पेट्रोल पंपावर गाडी लावली की नोझल हातात धरलेला मुलगा विचारतो, “साधं टाकू का प्रीमियम?” मागे रांग लागलेली असते. ‘साधं’ या शब्दातच काहीतरी कमीपणा आहे असे वाटून कित्येकजण म्हणतात, “टाक प्रीमियमच.” गाडी नवी असेल, तिचे हप्ते अजून फिटायचे असतील, तर हा मोह अधिकच होतो. लेकराला आपण जसे चांगलेचुंगले खाऊ घालतो, तसे गाडीलाही घालावे असे वाटते. त्यात मित्रमंडळी सांगतात, “पिकअप बघ कसा वाढतो!” गॅरेजमधला मिस्त्री एखादी बाटली पुढे करतो आणि म्हणतो, “हे टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल.”

आज आमच्या वाचकांच्या घरी गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. कुणी दुचाकीवर घरोघरी पार्सले पोचवतो, कुणी टॅक्सी चालवतो, कुणी शिक्षिका गावापासून दूरच्या शाळेत रोज स्कूटरवर जाते. पेट्रोलचा खर्च हा किराणा, शाळेची फी आणि औषधपाणी यांच्या बरोबरीने घरखर्चाच्या वहीत येऊन बसला आहे. म्हणून हा प्रश्न केवळ गाड्यांच्या शौकिनांचा नाही. तो घराच्या अर्थकारणाचा आहे. जाहिरात काय म्हणते आणि शास्त्र काय म्हणते, हे आज जरा सविस्तर पाहू.

हा नंबर कशाचा?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण शिरते. पिस्टन वर येऊन ते दाबतो. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि त्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. गाडी चालते ती या जोरावर.

आता सायकलमध्ये हवा भरायच्या पंपाची आठवण करा. भराभर हवा मारली की पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते. हवा दाबली की तापते, हा निसर्गाचा नियम आहे. इंजिनातले मिश्रणही दाबले की असेच तापते. ते प्रमाणाबाहेर तापले, तर ठिणगीने लावलेली ज्योत पोचण्याच्या आधीच त्याचा काही भाग आपोआप भडकतो. पिस्टनवर अवेळी हातोडा बसावा तसा आवाज येतो. मिस्त्री त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. घाटात, गाडीवर वजन असताना, गिअर न बदलता गाडी ओढली की टक्-टक् आवाज येतो, तो अनेकांनी ऐकला असेल. नॉकिंग दीर्घकाळ चालले तर पिस्टन निकामी होऊ शकतो.

हा अवेळी भडका रोखून धरण्याचा गुण पेट्रोलमध्ये किती आहे, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. याहून अधिक काही सांगत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत ही मोजणी ठरली. आयसो-ऑक्टेन नावाचे द्रव्य दाब चांगला सोसते, त्याला १०० आकडा दिला. नॉर्मल हेप्टेन नावाचे द्रव्य लगेच भडकते, त्याला शून्य दिले. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच दम धरणारे पेट्रोल. ही परीक्षा एका खास एक-सिलिंडरी इंजिनावर घेतात; त्यात दाब कमीजास्त करता येतो.

तेव्हा ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, ऑक्टेन म्हणजे दम. ९१ चे एक लिटर आणि ९५ चे एक लिटर जाळले, तर निघणारी उष्णता जवळजवळ सारखीच. हा आकडा चष्म्याच्या नंबरासारखा आहे. मोठ्या नंबरचा चष्मा लावला म्हणून कुणाला अधिक दिसत नाही. आपल्या डोळ्याला लागेल तोच नंबर बरा.

येथे एक खुलासा करतो. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांना तिकडच्या पंपावर ८७ चा आकडा पाहून नवल वाटते. तेथे दोन निरनिराळ्या चाचण्यांची सरासरी काढून आकडा लिहितात. तिथले ८७ हे आपल्याकडच्या ९१-९२ च्या आसपास येते. आकड्यावरून देश मागे किंवा पुढे ठरत नाही.

मग जास्त नंबर कोणाला लागतो?

ज्या इंजिनात मिश्रण फार दाबले जाते, त्याला जास्त ऑक्टेन लागते. रेसिंगच्या मोटारसायकली, काही परदेशी महागड्या मोटारी आणि काही टर्बो इंजिने या जातीची असतात. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबून भरणारा पंखा. आपल्या रोजच्या १०० ते १२५ सीसीच्या दुचाकी आणि बहुतेक लहान मोटारी साध्या पेट्रोलवर चालतील अशाच बांधलेल्या असतात. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस.-६ दर्जाचे इंधन मिळू लागले. त्यात साध्या पेट्रोलचे ऑक्टेन किमान ९१ आणि प्रीमियमचे किमान ९५ ठरलेले आहे. गाडी बनवणारी कंपनी हे जाणूनच इंजिन बांधते.

आपल्या गाडीला काय हवे, हे कुणाला विचारत बसण्याची गरज नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत आणि कित्येक गाड्यांच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते छापलेले असते. ‘किमान ९१’ लिहिले असेल, तर ९१ पुरेसे आहे. ‘९५ आवश्यक’ लिहिले असेल, तर तेथे काटकसर करू नये. ‘९५ शिफारस’ असे लिहिले असेल, तर मात्र थोडा विचार करावा लागतो.

कारण असे की, नव्या मोटारींच्या इंजिनावर नॉकिंग ओळखणारे एक छोटे यंत्र बसवलेले असते. नॉकिंगची चाहूल लागताच ते गाडीच्या संगणकाला कळवते आणि संगणक ठिणगी किंचित उशिरा टाकतो. इंजिन वाचते, पण जोर थोडा कमी होतो. अशा गाडीत जास्त ऑक्टेन घातले, तर उन्हाळ्यात, पाच माणसे आणि सामान घेऊन कसारा किंवा खंबाटकी चढताना फरक जाणवू शकतो. सपाट रस्त्यावर, शहरातल्या गर्दीत तो जवळपास दिसत नाही. आणि ज्या दुचाकीत हे यंत्रच नाही, तिला ९५ मिळाले काय आणि ९१ मिळाले काय, तिची ठिणगी ठरल्या वेळीच पडणार.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन ही तिकडच्या वाहनधारकांची जुनी संस्था. तिने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या मोटारींमध्ये प्रीमियम घालून चाचण्या घेतल्या. ना ताकद लक्षणीय वाढली, ना अ‍ॅव्हरेज, ना धूर कमी झाला. अमेरिकन लोक वर्षाकाठी २१० कोटी डॉलर अशा रीतीने विनाकारण घालवतात, असा तिचा अंदाज होता. २०१७ मध्ये तिने ज्या गाड्यांना प्रीमियमची केवळ शिफारस आहे, त्या तपासल्या. तेथे अ‍ॅव्हरेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्के वाढली. म्हणजे फायदा आहे, पण तो मोजक्या गाड्यांना आणि तोही थोडका.

नावावर जाऊ नये

आपल्याकडे २००२ च्या सुमारास तेल कंपन्यांनी ‘स्पीड’, ‘पॉवर’, ‘एक्स्ट्रा प्रीमियम’ अशी नावे देऊन पेट्रोल विकायला सुरुवात केली. नाव वेगाचे आणि ताकदीचे. पण जाहिरातीतला मुख्य गुण होता तो इंजिन साफ ठेवणाऱ्या द्रव्यांचा. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल काढले, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. ते महागड्या, तगड्या इंजिनांसाठी होते. ते दुचाकीत भरणे म्हणजे पायात पाच नंबरची चप्पल बसत असताना दहा नंबरचा बूट विकत घेण्यासारखे.

जाहिरातीचा हा खेळ परदेशातही चालला आहे. अमेरिकेतील व्यापारावर देखरेख करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये एक्झॉन या बलाढ्य तेल कंपनीवर आक्षेप घेतला. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल वापरले की गाडीच्या दुरुस्तीचा खर्च कमी होतो, हा कंपनीचा दावा पुराव्याविना होता, असे कमिशनचे म्हणणे. १९९७ च्या तडजोडीत कंपनीला स्वतःच्या खर्चाने जाहिरात करून लोकांना सांगावे लागले की, बहुतेक गाड्यांना साधे पेट्रोल पुरते.

वहीतला हिशेब

आता आकडेमोड करू. भाव गावोगाव आणि दिवसागणिक बदलतात, म्हणून उदाहरणादाखल साधे पेट्रोल १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये लिटर धरू. पार्सल पोचवणारा एखादा तरुण रोज १०० किलोमीटर फिरतो आणि त्याची गाडी ५० चे अ‍ॅव्हरेज देते. रोज दोन लिटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ५२ लिटर. लिटरमागे ८ रुपये जास्त, म्हणजे महिन्याला ४१६ रुपये आणि वर्षाला जवळजवळ ५,००० रुपये.

हे पैसे वसूल व्हायचे, तर त्याचे अ‍ॅव्हरेज ५० वरून जवळजवळ ५४ वर जायला हवे. साध्या पेट्रोलसाठी बांधलेल्या दुचाकीत केवळ ऑक्टेनमुळे एवढी वाढ होत नाही. उलट त्याच पाच हजारांत वर्षभराचे इंजिन ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि ब्रेकची दुरुस्ती यांतले बरेचसे भागते, आणि त्यांचा परिणाम मात्र खरोखर दिसतो.

इथेनॉलने शिकवलेला धडा

ऑक्टेन आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा आज आपल्या टाकीतच आहे. देशातल्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. उसापासून आणि धान्यापासून होणाऱ्या या द्रव्याचे ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, म्हणजे पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त. परंतु एक लिटर इथेनॉलमधून पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा मिळते. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे शंभरात सहा-सात. नंबर वाढला, ऊर्जा घटली.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते की, जुन्या घडणीच्या मोटारींचे अ‍ॅव्हरेज या मिश्रणाने ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटू शकते. त्यासाठी जुळवून घेतलेल्या नव्या मोटारींत ही घट १ ते २ टक्क्यांवर येते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या खुलाशात असेही सांगितले की, इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९५ पर्यंत पोचले आहे. असे असेल, तर ९५ च्या नावाने जादा पैसे मोजताना आपण नेमके कशाचे पैसे देतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

जुनी गाडी असणाऱ्यांनी एवढी काळजी जरूर घ्यावी: रबराच्या नळ्या आणि वायसर वेळोवेळी तपासून घ्यावेत. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले, तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी बसते आणि गाडी बंद पडते. म्हणून झाकणाचे रबर चांगले ठेवावे.

ज्या औषधाने गुण दिला आणि विषही दिले

पेट्रोलमध्ये काहीतरी घालून त्याचा गुण वाढवण्याची कल्पना नवी नाही. तिची सर्वांत मोठी गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कारण ते औषध लागू पडले होते.

९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये चमचाभर घातले की नॉकिंग थांबते. १९२३ मध्ये ते विक्रीला आले. बाटलीवर ‘इथिल’ असे गोंडस नाव होते; शिशाचा उल्लेख टाळलेला होता. शिसे विषारी आहे हे तर पूर्वापार ठाऊक होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, अनेकजण आजारी पडले. तेव्हा मिजली यांनी वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतले आणि हुंगून दाखवले. काही होत नाही, हे पटवायचे होते. स्वतः मिजली त्याआधी शिशाच्या बाधेने आजारी पडून आले होते!

डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या हार्वर्ड विद्यापीठातील पहिल्या महिला अध्यापक. कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या रोगांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. १९२५ मध्ये सरकारने बोलावलेल्या परिषदेत त्यांनी शिशाच्या पेट्रोलला विरोध केला. त्यांचे ऐकले गेले नाही. पुढची पन्नास वर्षे जगभरच्या रस्त्यांवर धुरातून शिसे पसरत राहिले. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, बुद्धीची वाढ खुंटते. रस्त्याकडेला ज्यांची घरे, त्यांची मुले या धुरात सर्वांत जास्त सापडली.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये शिशाचे पेट्रोल थांबवले. शंभर वर्षांची ही गोष्ट एवढेच सांगते की, ‘गाडी चांगली पळते’ हे उत्तर पुरेसे नाही. आत काय आहे, ते जळून कुठे जाते आणि कोणाच्या छातीत जाते, हेही विचारले पाहिजे.

बाटलीतली औषधे

आज बाजारात मिळणाऱ्या बाटल्या तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार इंजिन साफ करणाऱ्या द्रव्यांचा. यात तथ्य आहे. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी आणि व्हॉल्व्हवर काजळी साचते. काही द्रव्ये ती धुऊन काढतात. वर सांगितलेल्या अमेरिकन संस्थेनेच २०१६ मध्ये दाखवले की, साफ ठेवणारी द्रव्ये पुरेशी नसलेल्या पेट्रोलने सरासरी १९ पट जास्त काजळी साचली. मात्र येथे मुद्दा द्रव्याचा आहे, ऑक्टेनचा नाही. जुन्या गाडीचे अ‍ॅव्हरेज घटले असेल, गाडी अडखळत असेल, तर कधीतरी एक बाटली घालून पाहायला हरकत नाही. पण प्रत्येक वेळी टाकी भरताना ती घालणे म्हणजे निरोगी माणसाने रोज जुलाब घेण्यासारखे आहे. आणखी एक गोष्ट. ज्या नव्या मोटारींत पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारले जाते, तेथे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहतच नाही. त्यामुळे टाकीत घातलेले औषध त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही.

दुसरा प्रकार ऑक्टेन वाढवणाऱ्यांचा. ‘३० पॉइंट वाढ’ असे लेबलवर वाचून माणूस भुलतो. या धंद्यात पुष्कळदा एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा हिस्सा धरतात. म्हणजे ३० पॉइंट म्हणजे ३ ऑक्टेन. आणि काही बाटल्यांच्या ‘३ पॉइंट’ने ९१ चे फक्त ९१.३ होते. तेवढ्यासाठी शेकडो रुपये मोजायचे का?

तिसरा प्रकार चमत्काराचा. एक गोळी टाका, एक लोहचुंबक नळीला बांधा, पेट्रोल निम्मे लागेल! अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरावर साधने तपासली. उपयोगी निघाली ती अगदी मोजकी, आणि त्यांचाही फायदा नाममात्र. आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे टाकीत डांबरगोळ्या टाकणे. फार पूर्वी पेट्रोलच हलके होते, तेव्हा नॅप्थलीनच्या गोळीने किंचित फरक पडत असेल. आजच्या पेट्रोलला तिचा काही उपयोग नाही. उलट ती पुन्हा गोठून बारीक छिद्रे बुजवू शकते. शिवाय आजच्या कित्येक गोळ्या नॅप्थलीनच्या नसून क्लोरीन असलेल्या दुसऱ्याच रसायनाच्या असतात. ते जळले की आम्ल तयार होते आणि इंजिनाचा धातू खाते. डिझेलवाल्यांनी तर या सगळ्यापासून दूरच राहावे. डिझेलचा गुण ऑक्टेनने नव्हे, सीटेनने मोजतात आणि तो याच्या अगदी उलट आहे.

१९९६ मध्ये तामिळनाडूतील रामर पिल्लै यांनी झाडपाला पाण्यात उकळून पेट्रोल बनवल्याचा दावा केला, तेव्हा मोठमोठ्या माणसांनी विश्वास ठेवला होता. ते ‘वनौषधी पेट्रोल’ बाजारातही आले. पुढे सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना व साथीदारांना तीन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. विकले गेले होते ते पाल्याचे नव्हे, तर खनिज तेलाच्याच पदार्थांचे मिश्रण. पाण्यात जेवढी ऊर्जा नाही, तेवढी उकळून येत नाही. दहावीच्या विज्ञानाने हे सांगितले असते.

खरा शत्रू: भेसळ

ऑक्टेनवर चर्चा होते, पण गाडीचे खरे नुकसान करते ती भेसळ. रॉकेलचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा फारच कमी. थोडे रॉकेल मिसळले तरी नॉकिंग सुरू होते, काजळी साचते, धूर वाढतो. “प्रीमियम टाकल्यापासून गाडी सुधारली,” असे जो सांगतो, त्याच्या आधीच्या पंपावरचे साधे पेट्रोलच शुद्ध नसेल, हीही शक्यता असते.

या धंद्यामागे केवढी क्रूर शक्ती होती, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाची चोरी आणि भेसळ करणाऱ्या टोळीने दिवसाढवळ्या जिवंत जाळले. प्रामाणिक अधिकाऱ्याने जीव देऊन जे सांगितले, ते आपण पंपावर उभे असताना विसरू नये.

ग्राहकाला हक्क आहेत, आणि ते वापरायला पैसे पडत नाहीत. पंपावर फिल्टर पेपर मागावा. त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकावा. दोनेक मिनिटांत तो उडून जावा आणि डाग राहू नये. डाग राहिला, तर शंका घ्यावी. घनता मोजून मागता येते. पेट्रोलची घनता १५ अंश तापमानाला ७२० ते ७७५ च्या दरम्यान असते आणि पंपावर नोंदलेल्या आकड्यापेक्षा ३ हून जास्त फरक आला, तर तक्रार करावी. माप कमी वाटले, तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवायला सांगावे. तक्रारवही मागावी, मापाबद्दल तक्रार असेल, तर राज्याच्या वैधमापनशास्त्र विभागाकडे जावे. “साहेब, कशाला वेळ घालवता?” असे कुणी म्हणाले, तरी संकोच करू नये.

घरच्या घरी परीक्षा

आमचे म्हणणेही तपासल्याशिवाय मानू नका. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला एक वही द्या. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, म्हणजे अ‍ॅव्हरेज. असे साध्या पेट्रोलने तीनदा आणि प्रीमियमने तीनदा करा. रस्ता तोच, चालवणारा तोच, चाकातली हवा तीच असू द्या. एकदाच मोजून निष्कर्ष काढू नये. रहदारी आणि पाऊस यांनीही फरक पडतो.

मग किलोमीटरमागे किती पैसे लागले ते काढा. १०४ रुपयांच्या पेट्रोलवर ५० चे अ‍ॅव्हरेज म्हणजे किलोमीटरला २ रुपये ८ पैसे. ११२ च्या पेट्रोलवर ५१ मिळाले, तर अ‍ॅव्हरेज वाढलेले दिसेल, पण खर्च २ रुपये २० पैशांवर गेलेला असेल. मुलाला गणितही येईल आणि घराला उत्तरही मिळेल.

तात्पर्य

१) पुस्तिकेत लिहिले असेल तेच ऑक्टेन वापरा. त्याहून जास्त नको, कमीही नको.

२) टर्बो मोटारीला ९५ ची शिफारस असेल, तर घाटाच्या, उन्हाळ्याच्या लांब प्रवासाला ते भरावे. रोजच्या धावपळीत स्वतः मोजून ठरवावे.

३) गाडी नॉकिंग करत असेल, तर आधी खालचा गिअर टाका, मिस्त्रीकडून प्लग, काजळी आणि इंजिनाचे तापमान पाहून घ्या. महाग पेट्रोल हा दुखण्यावर पांघरूण घालण्याचा उपाय होऊ नये.

४) चाकातली हवा दर आठवड्याला तपासा. एअर फिल्टर स्वच्छ ठेवा. सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल वेळेवर बदला. चेनला तेल द्या, ब्रेक घासत नाही ना ते पाहा. सिग्नलला जास्त थांबायचे असेल, तर इंजिन बंद करा. क्लचवर पाय किंवा हात ठेवून गाडी चालवू नका.

५) बाटली घेताना लेबलवर आतल्या द्रव्याचे नाव आहे का ते पाहा. नाव नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.

६) विश्वासाचा, गर्दीचा, मोजून देणारा पंप शोधा आणि पेट्रोल तेथेच भरा.

बाजार आपल्याला नेहमी सांगत राहणार की, जे महाग ते उत्तम. कष्टाने मिळवलेला रुपया खर्च करताना ‘कशासाठी?’ एवढे विचारण्याची सवय घरातल्या लहानथोरांना लागली, तर ती पेट्रोल पंपापुरती राहणार नाही. दवाखान्यात, शिकवणीच्या वर्गात, कर्ज देणाऱ्या दुकानातही ती उपयोगी पडेल. पुढच्या वेळी पंपावरच्या मुलाने विचारले, तर मोकळ्या मनाने सांगा, “साधंच टाक, पण मीटर शून्यावर दाखव.”